लग्नाला गेलेलं संग्रहालय

मी मुरुडला जाऊन आले असं म्हटलं की सांगलीतले लोक आधी समुद्राचं विचारतात. मग सांगावं लागतं, की कोकणातलं नव्हे, लातूरचं मुरुड. तिथं समुद्र नाही. यंदा तर तिथं विहिरीलाही पाणी नव्हतं. एवढं ऐकल्यावर प्रत्येकाचा चेहरा एकच प्रश्न विचारतो, की मग बाई गेल्या कशाला? त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला बसले.

मी एका जुन्या संस्थानी वस्तुसंग्रहालयात पट्ट्या लिहिते. काचेच्या कपाटात वस्तूखाली ‘हे काय आहे, कुठलं आहे’ अशी चार ओळींची पट्टी असते, ती कुणीतरी लिहीत असेल हे बघणाऱ्यांच्या गावीही नसतं. वळणदार अक्षर आणि किरकिरा स्वभाव या दोन गुणांवर मी ही नोकरी इतकी वर्षं टिकवली आहे. तर मार्चमध्ये आमच्या कार्यालयात एक पोस्टकार्ड आलं. ‘आम्ही मुरुडात वाद्यांचे म्युझिअम काढले आहे. वाद्ये आहेत, जागा आहे, पट्ट्या नाहीत. साहेब पाहणीला येणार आहेत. तरी लिहिणारे माणूस पाठवावे. येताना पाणी आणू नये, तेवढे आहे.’ खाली सही होती मन्मथअप्पा, कापड दुकानदार, जुनी पेठ. शेवटचं वाक्य वाचलं आणि मी रजेचा अर्ज दिला.

मुरुड, सोमवार

एस्टीनं मला गावाबाहेर सडकेवर उतरवलं. स्टँड पूर्वी पेठेच्या तोंडाशी होतं म्हणे, आता सडकेवर आलं आहे. अप्पा न्यायला आले होते. साठीचे, ठेंगणे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि चालणं असं की मला धावावं लागत होतं.

घरी पोचल्यावर त्यांच्या बायकोनं न्हाणीकडे बोट दाखवलं. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. न्हाणीत भरलेली बादली होती. मी कृष्णाकाठची. हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं, चपला विसळल्या, उरलेलं पाणी दोन्ही पायांवर ओतून मोकळी झाले. बाहेर आले तर अक्कांनी एकदा रिकाम्या बादलीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “वाटंला धूळ लई हाय.”

संध्याकाळी त्या शेजारणीकडून घागर मागून आणताना दिसल्या, तेव्हा मला कळलं की मी त्या घराचं अख्ख्या दिवसाचं पाणी पायांवर ओतलं होतं. मला इतकी लाज वाटली, की जेवताना पाणी मागायचं धाडस होईना. भाकरी, शेंगांची चटणी आणि अक्कांची झणझणीत येसर आमटी मी तशीच गिळली. माझे कान लाल झाले. अप्पांना वाटलं मला आमटी आवडली, त्यांनी आणखी वाढायला लावली.

जेवता जेवता अप्पांनी त्यांचं म्हणणं मांडलं. “लातूर जिल्हा झाला तवा आमी पेढे वाटले, बाई. वाटलं, आता आमच्या भागाचं भलं होतंय. झालं काय? कचेरी लातूरला, कोर्ट लातूरला, दवाखाना लातूरला. आता गडी केस कापायलाबी लातूरला जायलेत. त्यात हा दुष्काळ. पेठंत कुत्रं फिरंना.”

“मग त्यावर वाद्यं कशी काय?”

“आमच्याकडं घराघरात आढ्याला काहीबाही टांगलेलं असतंय. संबळ म्हना, तुणतुणं म्हना. यंदा शहरातला एक मानूस यायलाय अन् पोत्यात भरून घेऊन जायलाय. मोठ्या हाटेलात भिंतीला लावतेत म्हनं. मी म्हनलं, त्याला कशाला देता? माझ्याकडं ठिवा. नाव तुमचंच. लोक लातूरला कलेक्टर बघाया जातेत, मुरुडाला हे बघाया येतील. माणूस आलं की चहा पितंय, चहा पेलं की बांगड्या बघतंय, बांगड्या बघितल्या की लुगडं आठवतंय.”

शेवटचा टप्पा अप्पांच्या दुकानापाशी येऊन थांबला हे माझ्या लक्षात आलं.

जागा ग्रामपंचायतीची होती. पेठेच्या मधोमध एक दगडी इमारत, निजामाच्या काळी तिथं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं होतं. ती अप्पांना वर्षाच्या बोलीवर मिळाली होती. आता दुष्काळी कामांचं धान्य ठेवायला जिल्ह्याला गोदाम हवं होतं आणि सरपंचांनी हीच इमारत सुचवली होती. शुक्रवारी एक साहेब येऊन बघणार होते. म्युझिअम खरोखरीचं वाटलं तर गोदाम सडकेवरच्या जिनिंगच्या शेडात जाणार होतं. नाही वाटलं, तर अप्पांनी किल्ली द्यायची आणि वाद्यं ज्याची त्याच्या घरी, म्हणजे पोतंवाल्याच्या तोंडी. मला चार दिवसांत ते खरोखरीचं करून दाखवायचं होतं.

मंगळवार

सकाळी इमारतीत शिरले आणि मनातल्या मनात अप्पांची माफी मागितली. मी दोन झांजा आणि एक फुटका ढोल धरून चालले होते. तिथं हलग्या होत्या, संबळ होते, चौंडकी, तुणतुणी, वीणा, पखवाज, दोन लांबलचक सनया, कर्नाटकाच्या शिवेवरून आलेली पोटफुगी करडी, म्हणजे एक ढोलच, आणि कुणा हौशी मास्तरांचा बुलबुलतरंग. अप्पांनी दुकानातली कापडाची जुनी काचकपाटं त्यांच्यासाठी दिली होती. मी दुपारपर्यंत एकेका वाद्याला क्रमांक दिला, मापं घेतली, वहीत नोंद केली. दुपारी धपाटे खाऊन परत आले तर क्रमांक चौदा, चौंडकं, जागेवर नव्हतं.

मी पेठेत उभी राहून “चोरी! चोरी!” असं ओरडले. माझ्या आयुष्यात मी प्रथमच रस्त्यावर ओरडले असेन. समोरचा भजीवाला झोपेतून उठला. अप्पा मीटरपट्टी हातात घेऊनच आले.

“कुठली चोरी? चौंडकं शिरूरला जागराला गेलंय. उद्या यील.”

“जागराला? अहो, त्याला क्रमांक दिलाय मी!”

“मग क्रमांक घिऊनच गेलंय की ते.”

तेव्हा मला या संग्रहालयाचा सगळा कारभार समजला. वाद्यं ज्यांची त्यांचीच होती. लग्न, जागरण, जत्रा आली की मालक यायचा, कपाट उघडायचा आणि आपलं वाद्य घेऊन जायचा. अप्पांची अट एकच होती. जाताना पेठेतून एक फेर वाजवत जायचं, परत आणताना एक फेर वाजवत यायचं. मी त्यांना संग्रहालय म्हणजे काय यावर तिथल्या तिथं व्याख्यान दिलं. वस्तू कपाटाबाहेर गेली की ती झिजते, फुटते, हरवते, तिची नोंद खोटी ठरते. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“बाई, अन् कपाटात ठिवली की?”

“की ती सुरक्षित राहते.”

“बरं,” ते म्हणाले, पण त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही.

उन्हं उतरल्यावर एका गोंधळ्यानं सकाळीच नेलेला संबळ परत आणला. पेठेच्या टोकाला आवाज सुरू झाला मात्र, इतका वेळ मेल्यागत पडलेली ती पेठ एकदम हलली. बांगडीवालीनं टोपली उघडली. भजीवाल्यानं कढई चढवली. सडकेवर एस्टीची वाट बघणारी दहा-बारा माणसं पिशव्या घेऊन आत आली आणि त्यांची एस्टी निघून गेली. तो संबळवाला कपाटापाशी पोचेपर्यंत पेठेत चांगली गर्दी झाली होती. मीसुद्धा भजी घेतली. मात्र तत्त्व म्हणून ती मी नाराजीनंच खाल्ली.

नांदेड, बुधवार

अप्पांच्या मते म्युझिअममध्ये एक तरी ‘मोठं’ वाद्य हवं होतं. नांदेडला एक जुने सारंगीये राहतात हे त्यांना ठाऊक होतं. प्रवासाचं काय सांगू, गोदावरी दिसणार म्हणून मी सगळा वेळ डावी खिडकी धरून बसले. दिसली तेव्हा पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती.

खाँसाहेब जुन्या गल्लीत दोन खोल्यांत राहतात. उंच, वाळकुडे, दाढीला मेंदी. त्यांच्या सुनेनं आम्हाला खिचडी आणि तीळ-चिंचेचा खट्टा वाढला. शेजारचं खिम्याचं भांडं अप्पांना बघून तिनं आपणहून आत नेलं आणि अप्पांनी खिचडी दोनदा मागून घेतली, हे मी स्वतः मोजलं. आमच्याकडे एवढं आंबट खाल्लं तर आजारपण येईल म्हणतील, पण मलाही तो खट्टा भारी आवडला.

सारंगी त्यांनी रेशमी गवसणीतून काढली. तिला हात न लावता मी दोन्ही हात मागे बांधून बघत राहिले.

“देता मैं, अम्मा,” ते म्हणाले. “अब कौन बुलाता मेरेकू? मगर इसकू अकेली नक्को छोडो. परेशान होती.”

“मग काय करायचं?”

“मैं भी आतौं ना.”

असे आम्ही दोघं गेलो आणि तिघं परत आलो. खाँसाहेबांनी बसायला स्वतःचं स्टूलही बरोबर घेतलं होतं.

मुरुड, गुरुवार

आज मी माझ्या मनासारखं केलं. जिल्ह्याचे साहेब काही भज्यांवर खूष होऊन जाणार नव्हते, त्यांना कपाटात वस्तू दिसायला हव्या होत्या. सगळी वाद्यं परत मागवली, पुसली, ओळीनं लावली. पट्ट्या लिहून झाल्या. मग अप्पांना सांगून लोहाराकडून कुलपं आणली, एकेक कपाट बंद केलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. अप्पा दारात उभे राहून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. “आता शोभायलंय,” एवढंच म्हणाले. सारंगीला मात्र कपाट नव्हतं. खाँसाहेब तिच्याजवळ स्टुलावर बसले होते आणि हलायला तयार नव्हते. तिच्या पट्टीवर मला लिहावं लागलं : ‘सारंगी. नांदेड. शेजारी बसलेले गृहस्थ मालक आहेत, त्यांना क्रमांक नाही.’

दिवेलागणीला अक्कांनी सहज विचारलं, “उद्या वाडीवर लगनं हैत, अहेराचं काय केलं?”

अप्पांच्या हातातला घास हातातच राहिला.

शेजारच्या वाडीत शुक्रवारी एका मांडवात सात लग्नं होती. पंचांगात त्या दिवशी मुहूर्त नव्हता, पण टँकर होता. वाडीवर पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदाच यायचा, शुक्रवारी. वऱ्हाडाला प्यायला पाणी हवं, म्हणून सात घरांनी मिळून टँकरचा वार धरला होता. आणि त्या सातही नवऱ्यांचे फेटे आणि सात शालू याच आठवड्यात अप्पांनी स्वतःच्या हातानं फाडून आणि घड्या घालून दिले होते! पण आजवर तिथी बघून धंदा केलेल्या माणसाला टँकर बघायची सवय नव्हती.

“असू दे,” मी म्हणाले. “कुलपं आहेत.”

शुक्रवार

सकाळी सातला इमारतीच्या पायरीवर नऊ-दहा जण बसलेले होते. पुढे गंगाराममामा, हलगीवाले. वय सत्तरच्या घरात, पागोटं नवं.

“बाई, कुलूप काढा. वरीस झालं, पयलंच काम हाय.”

मी सगळं समजावून सांगितलं. साहेब, गोदाम, जागा. फक्त एक दिवस. मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी ‘नका देऊ’ म्हणावं असं मला फार वाटत होतं. ते दुकानाच्या फळ्यांकडे बघत म्हणाले, “म्युझिअम गेलं तर मी हाय न् माझं दुकान हाय. ह्यांच्या घरला काय? पर कुलपं तुमची हैत, बाई. तुमीच ठरवा.”

गंगाराममामा उठले. काचेतून आपल्या हलगीकडे बघून म्हणाले, “न्हाई काढायचं तर नका काढू. सायबाला दावा. पर मंग तिच्या पट्टीवर लिवा, ही वाजत न्हाई.”

माणूस सरळ माझ्या धंद्यावरच आला. मी आजवर खोटी पट्टी लिहिलेली नाही. एका तलवारीखाली ‘राजाची’ असं लिहा म्हणून वरिष्ठांनी सांगितलं होतं तेव्हाही लिहिलं नव्हतं. मी कमरेचा जुडगा काढला. अर्ध्या तासात सगळी कपाटं रिकामी झाली. ते पेठेतून फेर वाजवत निघाले आणि अप्पा फळ्यांकडे तोंड करून उभेच होते.

मग मी तेवढंच केलं, जे मला येतं. नव्या पट्ट्या कापल्या आणि रिकाम्या जागांवर ठेवल्या. ‘क्रमांक ३. हलगी. वाडीवर लग्नाला गेली आहे. वाजवणारे गंगाराममामा.’ ‘क्रमांक ९. सनई. वरीलप्रमाणे.’ ‘क्रमांक १४. चौंडकं. शिरूरहून आलं आणि लगेच लग्नाला गेलं, फार दमलं असेल.’ हे शेवटचं लिहायला नको होतं, पण शाई वाळली होती.

साहेब अकराला येणार होते ते एकला आले. तिशीचे, सडपातळ, घामानं निथळलेले, काखेत फाइल. त्यांनी रिकामी कपाटं बघितली, मग एका टोकापासून प्रत्येक पट्टी वाचत दुसऱ्या टोकाला गेले. तिथं खाँसाहेब स्टुलावर डुलक्या घेत होते. ती पट्टी साहेबांनी दोनदा वाचली.

“एकूण एकच वस्तू हजर आहे म्हणायची.”

“होय,” मी म्हणाले.

“ही तरी वाजते का?”

खाँसाहेबांनी डोळे उघडले. “बजती क्या? बैठो.”

साहेब बसले. खाँसाहेबांनी सूर लावायला घेतले. सारंगीला वाजवायच्या तारांखाली झंकाराच्या तीस-पस्तीस बारीक तारा असतात आणि दुष्काळी हवेत एकही जागेवर राहिलेली नव्हती. ते एक पिळायचे, कान लावायचे, मान हलवायचे, परत पिळायचे. अप्पांनी चहा आणला. साहेबांनी घड्याळ बघितलं. पंधरावी तार. साहेबांनी कॉलर सैल केली. विसावी तार. उठावं तर एवढा म्हातारा माणूस आपल्यासाठी खपतोय, आणि बसावं तर लातूर राहिलंय, असं त्या बिचाऱ्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला त्यांची फार दया आली. अशा रीतीनं तास गेला. दोन तारा राहिल्या असतील, तेवढ्यात पेठेच्या टोकाला हलगी कडाडली.

सात नवरदेव, सात नवऱ्या आणि सगळं वऱ्हाड पेठेतल्या महादेवाला आलं होतं. पुढे गंगाराममामा. त्यांच्या मागे सनया, संबळ, चौंडकी, ती पोटफुगी करडी, सगळे एकदम. बांगडीवालीच्या टोपलीभोवती बायकांचा गराडा पडला. अक्का स्वतः दुकानात कापड मोजायला बसल्या. हॉटेलातलं पाणी संपलं म्हणून चहा बंद झाला, तर लोक नुसती भजीच खात सुटले. साहेबांची जीप वऱ्हाडात अशी रुतली की ड्रायव्हर टपावर चढून बसला.

खाँसाहेबांनी सारंगी गवसणीत घातली. “ये शोर में क्या मिलातौं मैं,” म्हणाले, आणि स्टूल उचलून ऐकायला पायरीवर जाऊन बसले.

साहेब त्यांच्याशेजारी उभे राहिले. गंगाराममामांनी त्यांना बघितलं, आणि मला वाटतं मुद्दामच, पायरीसमोर येऊन असे काही हात चालवले की माझ्या छातीत धडधडायला लागलं. इतकी वर्षं मी वाद्यांची मापं घेतली, पण सत्तरीच्या माणसाच्या हातात ते कातडं काय करू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी रडत होते. लपवलं नाही, लपवायला पदर मोकळा नव्हता, त्यात पट्ट्या होत्या.

फेर संपला. वाजवणारे आत आले आणि आपापलं वाद्य आपापल्या पट्टीवर ठेवू लागले. साहेबांनी फाइल उघडली. ‘वस्तूंची सद्यस्थिती’ असा एक रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, ‘सर्व कामावर.’ सही केली, निर्णयाचं एक अक्षर न बोलता वाट काढत जीपकडे गेले. अप्पा मला म्हणाले, “गेलं म्युझिअम.” दुसऱ्या दिवशी मी सांगलीची एस्टी धरली.

ज्येष्ठात अप्पांचं पत्र आलं. ते देऊनच थांबते.

‘बाईंस नमस्कार. गोदाम सडकेवरच्या शेडात गेले. जागा आपल्याकडे राहिली. खाँसाहेब इथेच आहेत, जात नाहीत. साहेबांनी पुन्हा पाहणीस येतो म्हणून कळवले होते. मागच्यासारखी फजिती नको म्हणून या खेपेस आधीच त्यांना पंचांग पाठवले. लग्नाच्या तिथी आणि वाड्यावस्त्यांवरच्या टँकरचे वार, दोन्हींवर तांबड्या शाईने खुणा केल्या. खाली लिहिले, या दिवशी वस्तू जागेवर नसतात, तरी कृपा करून येऊ नये. साहेब नेमके तांबड्या खुणेलाच आले. जीप सडकेवर ठेवून चालत आले. संगती मंडळी, दोन लेकरे आणि म्हातारी आई होती. म्युझिअमात त्यांनी पाऊल टाकले नाही. पायरीवर बसून राहिले. पाहणी कधी करता म्हणून मी दोनदा विचारले, पण हलगी चालू होती, त्यांना ऐकू गेले नाही.’